आधीचं दुखणं

७ जुलै, वसई
भूल देण्याआधीच्या तपासणीला निर्मळकडच्या मावशी आल्या. वय ६१. परवा दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं आहे. कंबर नऊ वर्षं दुखतेय. भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या लोकलने दादर गाठायच्या तेव्हापासून. रोज ट्रॅमाडॉलच्या चार गोळ्या आणि रात्री प्रीगॅबालिन. शिवाय दुकानातून मागून आणलेलं डायक्लोफिनॅक. "ऑपरेशन आहे म्हणून सगळं बंद करा" असं कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून घाम, जुलाब, झोप नाही. त्यांना वाटलं, भीतीनेच होतंय. गोळ्या एकदम तोडल्या की असंच होतं. ट्रॅमाडॉल आणि प्रीगॅबालिन आजपासून परत सुरू केल्या. डायक्लोफिनॅक बंदच ठेवलं, क्रिएटिनिन तपासायला पाठवलं.

८ जुलै
सर्जनशी सविस्तर बोलले. वर्षानुवर्षं दुखणं वाहिलेल्या नसा थोड्याशा जखमेनेही जास्त चेततात, आणि शरीर ट्रॅमाडॉलला सरावलेलं असतं. म्हणजे रोजचा डोस हा पाया. जखमेचा इलाज त्याच्या वर, वेगळा. घड्याळ लावून पॅरासिटामॉल, पोटाच्या भिंतीत ब्लॉक, शस्त्रक्रियेत थोडं केटामाइन. सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर. २०१४ साली अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा बदलून मॉर्फिनचा परवाना सोपा झाला, तरी छोटी रुग्णालयं ते ठेवायला अजून कचरतात. म्हणून ब्लॉकवर माझा एवढा भर.

९ जुलै, रात्री
शस्त्रक्रिया नीट झाली. संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या, "सारखं दुखतंय म्हणतात. गोळ्यांची सवय लागलीय का?" या प्रश्नाचा मला फार त्रास होतो. शरीराला औषधाची गरज पडणं वेगळं, व्यसन वेगळं. मी मावशींना विचारलं, नेमकं कुठे दुखतंय? "पोट नाही गं बाई, कंबर." टेबलावर सपाट झोपवलं होतं, आणि ट्रॅमाडॉलची दुपारची गोळी राहून गेली होती. गोळी दिली, गुडघ्यांखाली उशी ठेवली. तासाभराने कुशीवर वळून झोपल्या.

११ जुलै
आज घरी सोडलं. कागदावर दोन वेगळे रकाने केले: जखमेची औषधं पाच दिवसांनी बंद, कंबरेची तशीच चालू, पुढे हळूहळू कमी करायची, सोबत फिजिओथेरपी. ट्रॅमाडॉल २०१८पासून एनडीपीएसमध्ये आहे, म्हणून चिठ्ठी जपून ठेवायला सांगितली.
"टोपली कधी उचलू?"
"महिनाभर नाही, मावशी."
सुनेने ते लिहून घेतलं.