पडद्यावरील ठसे आणि जयणा

आपल्या पेढ्यांवरचा हिशेब आता वहीऐवजी लॅपटॉपवर असतो आणि तो रोज बॅगेतून दुकान ते घर असा प्रवास करतो. आमच्या चिरंजीवांच्या लॅपटॉपच्या पडद्यावर कीबोर्डच्या बटणांचे चौकोनी ठसे उमटले, तेव्हा ते नवा लॅपटॉप घेण्याच्या विचारात होते. मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसताच ठसे गेले आणि तो विचारही मागे पडला.

बोटांचे तेल बटणांवर साचते. बॅगेत झाकणावर चोपड्यांचा भार आला की ते पडद्यास लागते. मध्ये धुळीचा कण असेल, तर मात्र कायमचा ओरखडा पडतो. म्हणून बटणे वरचेवर पुसावीत, लॅपटॉप स्वतंत्र कप्प्यात ठेवावा. मध्ये काही घालायचेच, तर ते अगदी पातळ असावे. जाड रुमालाने पडदा तडकू शकतो. ॲपल कंपनीने तर कॅमेऱ्यावरील आवरणही ०.१ मिलिमीटरहून जाड नसावे, असे बजावले आहे.

पोथीला वेष्टन बांधताना आपण जी जयणा पाळतो, तीच येथे हवी. हाती असलेली वस्तू टिकली की नवी घ्यावी लागत नाही. अपरिग्रहाचा हा नित्याचा पाठ आहे.