येऊन गेलेली चक्कर

पर्वाच्या दिवसांत मंदिरात एखाद्या वयस्क श्राविकेला भोवळ आली, की आपल्याकडे कारण ठरलेले असते: उपवास, उकाडा किंवा पित्त. दोन वर्षांपूर्वी उत्तम आर्जवाच्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीबाबतही असेच म्हटले गेले. अक्काचे वय तेव्हा 74. दशलक्षणात दिवसातून एकदाच अन्नपाणी घ्यायचे, हा तिचा अनेक वर्षांचा नियम. सायंकाळी आरतीच्या वेळी तिला एका ज्योतीच्या दोन दिसू लागल्या, तोल एका बाजूला जाऊ लागला आणि जीभ जड झाली. दहा-बारा मिनिटांत सारे पूर्ववत झाले. उलट तिनेच आम्हाला धीर दिला.

माझी उमेद बँकेत गेली. रोजकिर्दीतील जी तफावत सापडते तिची चिंता नसते. जी आपोआप नाहीशी होते, तिने झोप उडते. त्याच रात्री आम्ही अक्काला रुग्णालयात नेले. तेथे मानेचा एक्स-रे काढून ‘मणक्यांची झीज’ असे निदान झाले आणि गळ्यात पट्टा आला. सत्तरीनंतर झीज कोणाच्या मानेत नसते? पण एकाचे दोन दिसणे आणि बोबडे बोलणे यांचे उत्तर त्या पट्ट्यात नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी एमआरआय व रक्तवाहिन्यांचे चित्रण करविले.

मेंदूला रक्त पोहोचविणाऱ्या मुख्य धमन्या चार. दोन गळ्याच्या पुढील बाजूने जातात. उरलेल्या दोन मानेच्या मणक्यांतील छिद्रांमधून वर चढतात आणि कवटीच्या तळाशी एकत्र येतात. तोल सांभाळणारा लहान मेंदू, मेंदूचा देठ आणि दृष्टीचे केंद्र हे मुख्यतः या मागच्या जोडीवर अवलंबून असतात. अक्काची उजवी धमनी जन्मतःच बारीक, आणि डावी चरबीच्या थरांनी अरुंद झालेली. त्यात दिवसभर पाणी नसल्याने रक्तदाब उतरला असावा व मागचा पुरवठा तेवढ्यापुरता तुटला असावा, असे डॉक्टरांचे मत पडले.

पक्षाघात म्हटले की वाकडे तोंड आणि लुळा हात आपल्याला ठाऊक असतो. मागच्या भागात ही चिन्हे नसूही शकतात, आणि सुमारे पाचांतील एक झटका याच भागातला असतो. अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद गरगरणे बहुधा कानाचे असते. परंतु चक्करेसोबत दोन दिसणे, बोलणे अडखळणे, गिळता न येणे, पाय लटपटणे यांपैकी काही अचानक आले, तर ते थांबले तरी लगेच रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते; ‘सकाळी पाहू’ म्हणण्यात ती मुदत संपते.

खरा पेच औषधांपाशी आला. लिहून दिलेली कॅप्सूल जिलेटिनच्या आवरणाची निघाली, म्हणजे प्राणिज. अक्काने ती हातातही घेतली नाही. डॉक्टरांना सांगताच त्यांनी तीच औषधे साध्या गोळ्यांच्या रूपात दिली, आणि दोन वेळांच्या गोळ्या एकाच जेवणाशी बसविल्या. (विचारले की मार्ग निघतो, आपण विचारतच नाही आणि गोळ्या डब्यात पडून राहतात.) पाण्यावर मात्र ते अडून बसले, आणि अक्काही. “नियम मी घेतलाय, डॉक्टरांनी नाही,” ती म्हणाली.

आम्ही कोणी वाद घातला नाही. चातुर्मासासाठी गावात असलेल्या आर्यिका माताजींकडे तिला नेले. त्यांनी सर्व ऐकून एवढेच विचारले, “सोळाकारण भावनांत तप कसे सांगितले आहे?” अक्काला ते मुखोद्गत. “शक्तितस्तप,” ती उत्तरली आणि स्वतःशीच थबकली.

गेल्या वर्षीच्या पर्वात तिने अन्न एकदाच घेतले, पण प्रासुक पाणी सूर्यास्तापर्यंत थोडे थोडे पीत राहिली. नियम सैल झाल्याची रुखरुख तिला आहेच. तिची भरपाई म्हणून दहा दिवस तूप आणि साखरेचा त्याग केला. तपासणीच्या वेळी हे ऐकून डॉक्टर म्हणाले, “एवढा त्याग वर्षभर चालू ठेवा.”