तीर्थरूप समुद्रास, घाटकोपरहून

तीर्थरूप समुद्र यांचे चरणी,

घाटकोपर पूर्वेहून एका लेकीचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, ऑक्टोबर 2024 मध्ये गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर आपली गाठ पडली आणि मी तुमचे आभार न मानताच निघून आले. पाण्याबाहेर पडल्यावर ओल्या अंगानेच सायकलकडे धावायचं होतं. मागे वळून हात जोडायचं मनात होतं, पण पाय पुढे गेले होते. ते राहिलेलं काम आज करते आहे. त्यासोबत थोडी तक्रारही आहे आणि शेवटी एक मागणं. मोठ्यांकडे लिहिलेल्या पत्रात हे तिन्ही चालतं असं आमची आजी म्हणायची.

इकडे सर्व क्षेम. तुम्ही आमच्या मागच्या दाराशी खाडी होऊन येताच, तेव्हा अर्ध्या बातम्या तुम्हांला कळल्या असतील. पूर्व द्रुतगती महामार्गापलीकडे मिठागरं अजून आहेत, कांदळवन आहे, आणि ओहोटीच्या वेळी वारा इकडचा असला की चिखलाचा वास पंतनगरपर्यंत येतो. ठाण्याच्या खाडीला 2022 साली रामसर पाणथळीचा मान मिळाला. रोहित पक्षी येतात, हजारोंनी येतात. त्यांची एक वाईट बातमी मात्र सांगायलाच हवी. 20 मे 2024 च्या रात्री आमच्या पंतनगरच्या लक्ष्मीनगरावर त्यांचा थवा उतरत्या विमानाला धडकला. तीसहून अधिक पक्षी घरांवर, रस्त्यावर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहायला निघाले होते. तलावावर न जाता तशीच घरी परतले. तुमच्याकडे येणारे पाहुणे आमच्या दारात मेले, याचं वाईट वाटतं.

इतके तुम्ही जवळ, तरी पन्नाशीला टेकेपर्यंत आपली ओळख नव्हती. घाटकोपरच्या पोराला समुद्र म्हणजे जुहू, आणि जुहू म्हणजे 340 नंबरच्या बसने अंधेरी, तिथून दुसरी बस, आणि परतताना चपलेत वाळू. वर्षातून एकदा, मामा आला तर दोनदा. 8 जून 2014 ला मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपर ते वर्सोवा एकवीस मिनिटांवर आलं. शहर तुमच्याकडे सरकलं. आमचं घर मात्र नाही सरकलं, आणि त्याचं कारण तुम्ही आहात. माझी तक्रार हीच.

बाबा मूळचे गुहागर तालुक्यातले. अंगणातून पुळण दिसायची असं घर. 1968 च्या आषाढात त्यांचा धाकटा भाऊ, वय वर्षं सोळा, तुमच्याकडे गेला. समुद्र घेतलेलं तिसऱ्या दिवशी परत देतो म्हणतात. तुम्ही काका परत दिलेत, पण तिसऱ्या नव्हे, पाचव्या दिवशी. हे मला बाबांनी कधीच सांगितलं नाही, आत्याने सांगितलं, तेही मी चाळिशी ओलांडल्यावर. बाबा दोन वर्षांनी मुंबईला आले, विक्रोळीच्या कारखान्यात लागले, भटवाडीत खोली घेतली, आणि तुमच्याकडे त्यांनी पाठ फिरवली. आमचा दीड दिवसाचा गणपती पवई तलावात विसर्जन व्हायचा. सगळी चाळ जुहूला जायची, आम्ही पवईला. का, असं विचारलं की बाबा म्हणायचे, जवळ पडतं. जुहूच्या वाळूवर मामा आम्हांला घेऊन गेला तर घोट्यापुढे पाण्यात जाऊ द्यायचं नाही म्हणून बाबा मामाला आधी बजावायचे. भीतीचं नाव घरात कोणी काढलं नाही. वरण-भातासारखी ती रोज ताटात असे.

कोकणातल्या माणसाने मुंबईत येऊन मुलांना पोहायला शिकवलं नाही, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. चहूबाजूंनी पाणी असलेलं शहर आणि पाण्यात उतरता न येणारी लाखो माणसं. यात तुमचा दोष किती आणि आमचा किती, हे मला ठरवता येत नाही.

मी पोहायला शिकले त्रेचाळिसाव्या वर्षी, पाठदुखीसाठी. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. चालता चालता तरंगले, तरंगता तरंगता हात मारायला लागले. मग सायकल आली, धावणं आलं, आणि सराव घेणाऱ्या आमच्या सरांनी एक दिवस विचारलं, तिन्ही एकत्र करायचं का? अर्धा आयर्नमॅन म्हणजे 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर धावणं, तेही साडेआठ तासांत. 2019 पासून ही शर्यत गोव्यात होऊ लागली, म्हणून आमच्यासारख्यांना परदेशी जावं लागत नाही. सायकल आणि धावणं जमेल असं वाटलं. पोहणंही जमलं, पण तलावात.

आमचा तलाव 25 मीटरचा. 1.9 किलोमीटर म्हणजे 76 लांब्या. प्रत्येक लांबीच्या शेवटी भिंत. भिंतीला पाय लावून ढकललं की दोन-तीन मीटर फुकट मिळतात, आणि त्याहून मोठं म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला मनाला कळतं की इथे धरायला काहीतरी आहे. तळाला काळ्या पट्ट्या आखलेल्या असतात, त्या बघत सरळ जायचं. पाणी निळं, कारण फरशी निळी.

तुमच्याकडे सरावाला यायचं ठरलं होतं. पण तुमची पावसाळ्याची सुट्टी असते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर होड्या निघतात, आणि आमच्यासारख्या नवख्यांनी तर सप्टेंबर संपेपर्यंत थांबावं असं सर सांगतात. मुंबईच्या प्रत्येक ट्रायथलॉनपटूची ही अडचण आहे. त्या वर्षी शर्यत ऑक्टोबरात होती, आणि त्याआधीचे चार महिने समुद्र बंद. हाती राहिले दोन रविवार. पहिल्या रविवारी वारा होता, दुसऱ्या रविवारी मला ताप. अशी मी मिरामारला उतरले, खुल्या पाण्यात एकदाही न पोहता.

ती सकाळ तुम्हांला आठवत असेलच, पण मला जशी आठवते तशी सांगते. मांडवी तुम्हांला येऊन मिळते ती जागा. पलीकडे आग्वादचा डोंगर. सूर्य आमच्या पाठीमागे, पणजीच्या बाजूला. शेकडो डोकी, रंगीत टोप्या, पायाला बांधलेल्या वेळ मोजायच्या पट्ट्या. पाणी कोमट होतं. 24.5 अंशांच्या वर पाणी असलं की अंगाला तरंगवणारे रबरी सूट आमच्या गटाला चालत नाहीत, त्यामुळे तो आधारही नव्हता. सगळे एकदम न सोडता थोडे थोडे करून सोडत होते. माझी पाळी आली. मी मनातल्या मनात काकांचं नाव घेतलं आणि वाळूवरून आत गेले.

पहिले शंभर हात बरे गेले. मग मी खाली पाहिलं.

तळ नव्हता. हिरवट, गढूळ, जवळ की लांब हेही न कळणारं काहीतरी होतं. माझाच हात कोपरापुढे दिसेना. पट्टी नाही, फरशी नाही, भिंत नाही. एक लाट तोंडात गेली. मी डोकं वर काढलं, श्वास घेतला, पुन्हा घेतला, पुन्हा घेतला, आणि छाती भरूनही हवा कमीच पडत होती. मागून कुणाचा हात पायाला लागला, कुणी अंगावरून गेलं. आत्याचं एक वाक्य कानात आलं, की काकांना पोहता येत होतं.

मी हात वर केला. मदतीची खूण तीच. एक निमुळती होडी वळून आली, वल्हं आडवं करून त्यातल्या मुलाने टोक माझ्यापुढे धरलं. नियम असा, की होडी धरून थांबता येतं, पण तिच्या आधाराने एक हातही पुढे जाता येत नाही. किती रास्त नियम आहे हा. मुलगा विशी-बाविशीचा असेल. म्हणाला, ‘‘बाय, श्वास घेऊ नका आता, सोडा. पाण्यात तोंड घालून सोडा.’’

मी तोंड पाण्यात घातलं आणि सोडला. बुडबुडे कानाजवळून वर गेले. पुन्हा सोडला. तेव्हा उमगलं, की इतका वेळ मी फक्त घेतच होते. जुनी हवा बाहेर न टाकता नवी कोंबत होते, म्हणून गुदमरत होते. सरांनी हेच तलावावर शंभरदा सांगितलं होतं. तुमच्याकडे येऊन ते खरं झालं.

होडीचं टोक सोडण्याआधी माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, ‘‘थांब हं जरा, येते मी.’’ त्या मुलाला नाही, तुला. इतकी वर्षं तुम्ही-आपण म्हणत दूर उभी होते, आणि गळ्याशी पाणी आल्यावर आजीला म्हणावं तसं ‘तू’ म्हटलं. आता ते मागे घेत नाही. इथून पुढचं पत्र त्याच भाषेत लिहिते, राग मानू नकोस.

मग तू मला उचललंस. हे मी उगाच गोड लिहीत नाही. तुझ्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं, म्हणून तू तलावापेक्षा जड, आणि तू जड म्हणून मी हलकी. तलावात माझे पाय नेहमी खाली जातात. तुझ्यात कमर वर आली, टाचा पृष्ठभागाला लागल्या. लाट आली की तिच्याशी भांडायचं नाही, हात तिच्या पाठीवरून पुढे टाकायचा, हे दहा मिनिटांत अंगाला कळलं. दर आठ हातांनी मगरीसारखे डोळे तेवढे वर काढायचे, बोया कुठे आहे बघायचं, पुन्हा खाली. जाताना बोया दिसत होता. परतताना सूर्य समोर आला आणि सगळं पाणी पेटल्यासारखं लखलखलं, काही दिसेना. तेव्हा माझ्या डाव्या हाताला पोहणाऱ्या एका निळ्या टोपीवर विश्वास ठेवून निघाले. ती कोण होती, मला ठाऊक नाही. तिचेही आभार तुझ्याकडे ठेवते.

सत्तर मिनिटांच्या आत बाहेर यायचं असतं. मी चौसष्टाव्या मिनिटाला वाळूला पाय लावले. पुढची सायकल आणि धावणं याबद्दल तुला काय सांगायचं, ते जमिनीचं काम. ऊन फार होतं, शेवटचे पाच किलोमीटर चालत-धावत काढले, आठ तास एकोणीस मिनिटांनी संपवलं. पदक कपाटात आहे. मीठ मात्र केसांतून दोन दिवस गेलं नाही आणि मला ते जाऊ द्यायचंही नव्हतं.

तुझ्याशी ज्यांची सलगी मोठी, त्यांची गोष्ट मला माहीत आहे. आरती साहांनी 1959 साली इंग्लिश खाडी पार केली. पुण्याच्या रोहन मोरेने जगभरातल्या सात कठीण सामुद्रधुन्या ओलांडायचं व्रत 2018 साली पुरं केलं, आणि पुण्यात तर तू नाहीसच. नव्या मुंबईचा प्रभात कोळी, त्याच्या आडनावातच तू आहेस. त्यांच्यापुढे माझे 1.9 किलोमीटर म्हणजे उंबरठ्यावर पाय. पण आमच्या घरातून तो उंबरठा 1968 नंतर कुणी ओलांडला नव्हता.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. आधी सांगितलं नव्हतं, गोव्याला सायकलच्या शर्यतीला जाते एवढंच म्हटलं होतं. हे खोटं मला अजून टोचतं. बाबा आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी वेळ विचारली नाही, पदक हातात घेतलं नाही. बराच वेळ खिडकीकडे बघत बसले आणि मग म्हणाले, ‘‘तळ दिसत होता?’’

मी म्हटलं, ‘‘नाही.’’

‘‘मग काय केलंस?’’

‘‘श्वास सोडला.’’

त्यांनी मान हलवली. त्या रात्री जेवताना, छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी काकांचं नाव घेतलं. तो मासा होता पाण्यात, म्हणाले. खडकाच्या बाजूला ओढ असते हे माहीत असूनही गेला, कारण मी त्याला पैज लावली होती. आई ताटावरून उठली. मी आणि माझी मुलगी बसून राहिलो. पैजेचं ते आम्हां कुणालाच माहीत नव्हतं. माझा राग इतकी वर्षं तुझ्यावर होता, बाबांचा मात्र तुझ्यावर कधी नव्हताच.

तर आता मागणं. येत्या रविवारी अष्टमी आहे. आजीच्या हिशेबाने तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे आठाची सहा. भांगाचं पाणी, उधाण नाही. सकाळी सहाला तू भरून येशील आणि उजाडेपर्यंत ओसरायला लागशील. आम्ही मेट्रोने वर्सोव्याला येतो आहोत. मी, माझी मुलगी आणि बाबा. त्यांनी स्वतःहून विचारलं, पहिली गाडी किती वाजता असते. त्या किनाऱ्यावरचा कचरा लोकांनी 2015 पासून कितीतरी रविवार वेचून काढला, 2018 साली तिथे कासवाची पिल्लं पाण्यात गेली, हे मी त्यांना सांगितलं आहे. नारळ त्यांनी कालच आणून देवघरात ठेवला.

पोहायचं कुणालाच नाही. त्यांचा गुडघा दुखतो, काठी बरोबर असेल, आणि घोट्यापुढे ते येतील असं मला वाटत नाही. एक हात माझ्या हातात असेल. त्यांना तुझ्याशी काही बोलायचं आहे, काय ते मी विचारलेलं नाही. तेवढा वेळ लाट लहान ठेव.

तुझी,
घाटकोपरची लेक