झाकलेली आणि झाडलेली

आमच्याकडे नवी गाडी दारात आली की तिच्या सीटवरचं प्लास्टिक काढत नाहीत. औक्षण होतं, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं, नारळ फुटतो, पेढे वाटून होतात, पण ते चुरचुरणारं आवरण जागचं हलत नाही. काही महिन्यांनी कोपऱ्यात फाटतं, तेव्हा तिथं चिकटपट्टी लागते. पुणे जिल्ह्यातलं आमचं केंदूर घ्या, पाबळ घ्या, कान्हेरसर घ्या, सगळीकडं हाच रिवाज. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘गाडी नवी राहती.’ नव्याचे नऊ दिवस सरू नयेत म्हणून केलेला हा बंदोबस्त. मी त्याच्या विरोधात आहे, आणि माझा विरोध बराच जुना आहे.

ऐंशीच्या दशकात, माझ्या लहानपणी, केंदुरात गाडी म्हणजे एसटी, नाहीतर काळीपिवळी जीप. आमच्या एका चुलत्यांची अशी जीप होती. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. पाबळ, खेड, कधी शिक्रापूर असे तिचे फेरे चालत. मागं समोरासमोर दोन बाकडी, वर ताडपत्रीचं हूड, बाकड्यांना काळं रेक्झिन आणि रेक्झिनच्या चिरांतून डोकावणारा पिवळा स्पंज. तो चिमटीनं उपटत बसणं हा आम्हा पोरांचा वाटेतला उद्योग. जीपमध्ये माणसं बसत, दुधाच्या किटल्या बसत, पाय बांधलेल्या कोंबड्या बसत, आणि बाजारच्या दिवशी पेंडीचं पोतंही एखाद्या पाहुण्याच्या रुबाबात बसे.

तरी ती जीप घाण नसायची. सकाळी पहिला फेरा निघायच्या आधी नाना केरसुणीनं आतून सगळी झाडून काढत. पुढच्या सीटखाली, बाकड्यांच्या सांध्यात, पायाशी असलेल्या पत्र्याच्या घड्यांत. मग बादलीच्या तळाला उरलेल्या पाण्यात फडकं घट्ट पिळून सगळं पुसत. गाडी धुणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. आमचा पट्टा अवर्षणाचा. वेळ नदी पावसाळ्यात नदीसारखी वागते, उन्हाळ्यात तिच्या पात्रातून चालत जाता येतं. प्यायचं पाणी टँकरनं येत असताना गाडीवर पाणी ओतणाऱ्याला गावानं नावं ठेवली असती. पुढं मला कळलं की टंचाईनं शिकवलेली नानांची ही पद्धत आतल्या बाजूसाठी एकदम बरोबर होती. गाडीची आतली बाजू पुसायची असते, धुवायची नसते. स्पंजात आणि गालिच्यात मुरलेलं पाणी लवकर निघत नाही, आणि कुबट वास तिथूनच सुरू होतो.

त्याच काळात दुष्काळी कामांच्या पाहणीला साहेबाची सरकारी जीप गावात यायची. तिच्या पुढच्या सीटच्या पाठीवर पांढराशुभ्र टर्किश टॉवेल असायचा. नानांची जीप आणि ती जीप, गाड्या एकाच जातीच्या. पण त्या टॉवेलमुळं आम्ही पोरं तिला हातसुद्धा लावत नव्हतो. गाडीच्या आत पांढरं काही अंथरलं की बाहेरची माणसं आपोआप दोन पावलं मागं सरतात, हे मी तेव्हा पाहिलं.

जीप थकली की तिचं काय होतं, याचंही एक उत्तर शेजारच्या पाबळला होतं. तिथं डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायची ती शाळा. जुन्या जीपचे भाग वापरून त्यांनी छोट्या शेतकऱ्यासाठी ‘मेकबुल’ नावाचा ट्रॅक्टर तयार केला. नवेपणाची मिजास न करता वस्तू किती वर्षं कामी येते, याचा धडा आम्हाला हाकेच्या अंतरावर होता.

मग दिवस पालटले. १९८३च्या डिसेंबरात दिल्लीत पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिली गेली. आमच्याकडं तिचं दर्शन व्हायला बरीच वर्षं गेली. १९९४ला टाटा सुमो आली आणि लग्नाची वऱ्हाडं तिच्यातून निघू लागली. १९९८च्या अखेरीस पिंपरी-चिंचवडच्याच कारखान्यातली इंडिका आली. एकीकडं रांजणगावचे कारखाने, दुसरीकडं चाकणचे, मधे आम्ही. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीजही तिथंच आली. ज्यांच्या आज्यांनी जीपच्या बाकड्यावर बूड टेकवायला धक्काबुक्की केली, त्यांची नातवंडं शिफ्टला जाऊन गाड्यांच्या सीट बसवू लागली.

त्यातलाच एक माझा भाचा, भावाचा मुलगा. त्याचं काम असेंब्ली लाइनवर. सीटला डाग लागू नये म्हणून तिथं हातमोजे घालतात, पट्ट्याचं बक्कल कापडाला घासू नये म्हणून पट्टा न घालता येतात. एकदा जेवताना तो म्हणाला, “आत्या, ते प्लास्टिक ट्रकमधून गाडी शोरूमला जाईपर्यंतच असतंय. गिऱ्हाइकाला देताना काढायचं असतं. लोक काढू देत नाहीत.”

पोरगं खरं बोलत होतं. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड साठ अंशांच्याही पलीकडं तापतो. तापलं की आतलं प्लास्टिक, फोम, गोंद वाफा सोडतात. काचेवर आतून जो तेलकट धूसर थर बसतो आणि रात्री समोरच्या दिव्यात डोळ्यांवर येतो, तो बराचसा या वाफांचाच. आपण ज्याला कौतुकानं नव्या गाडीचा वास म्हणतो, तोही हाच. चीनमध्ये गिऱ्हाइकांना हा वास सोसत नाही. तिथं २०११ साली गाडीतल्या हवेत बेंझीन, टोल्युइन, फॉर्मॅल्डिहाइड अशी आठ द्रव्यं किती असावीत याची मर्यादा सांगणारं मानक निघालं. आपण मात्र तो वास उडू नये म्हणून काचा बंद ठेवतो. सीटवर प्लास्टिक असलं की घाम आणि दमट हवा खाली अडकते, कापडाला वारा लागत नाही. शिवाय हल्लीच्या कित्येक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतून उघडते. तिच्यावर जाड कव्हर ताणून बसवणं म्हणजे दाराला बाहेरून कडी घालण्यासारखं.

मॅटचं तेच. कंपनीची मॅट खराब होऊ नये म्हणून तिच्यावर दुसरी, दुसरीवर गोणपाट. २००९ साली टोयोटानं अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला होता. पायाखालची मॅट सरकून ॲक्सिलरेटर अडकू शकतो, हे त्याचं कारण. आमच्याकडं पुण्याच्या नाना पेठेतून आणलेल्या तीन-तीन मॅटा एकावर एक चढवून लोक निर्धास्त असतात.

माझी स्वतःची गाडी आली तेव्हा मी शाळेत शिक्षिका होते. गाडीची आतली बाजू बेज रंगाची. हा रंग ज्यानं निवडला असेल त्यानं कांद्याच्या चाळीत पाय ठेवलेला नसणार. भावाच्या आग्रहानं तिचंही प्लास्टिक राहिलं. कांदाकाटणीचे दिवस होते. पाबळहून येताना वाटेत बायांचा एक गट दिसला. त्यातल्या एका म्हाताऱ्या आजींना चालवत नव्हतं. मी गाडी थांबवली.

“नगं गं पोरी. पाय समदं भरल्यात. तुझी गाडी नासंल.”

बळंच बसवलं. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, सीटच्या अगदी कडेला टेकल्या, पदर खाली घेतला. थोडं हललं की प्लास्टिक चुरचुरायचं, आणि तो आवाज झाला की त्या आणखी आखडून घ्यायच्या. गाव येईपर्यंत त्यांनी पाठ टेकली नाही. पिढ्यान्‌पिढ्या कांदा पिकवून ज्यांनी गावात गाड्या आणल्या, त्यांना त्या गाडीत पाहुण्यासारखंही बसता येऊ नये? दुसऱ्या दिवशी मी ब्लेड घेऊन सगळं प्लास्टिक कापून काढलं. भाऊ दोन दिवस बोलला नाही.

प्लास्टिक काढलं, म्हणजे झाडणं आलं. माझी आई रोज उजाडताना खराट्यानं अंगण झाडायची. ते मातीचं अंगण कधीच नवं नव्हतं, आणि कधीच अस्वच्छही नव्हतं. त्यावर लग्नाच्या पंगती उठल्या, बैल बांधले गेले, बाजरी मळली गेली. दुसऱ्या दिवशी खराटा फिरला की अंगण पुन्हा तयार. गाडीचं मी तसंच ठरवलं. आमच्याकडं पुरुष गाडी बाहेरून धुतात, रस्त्यावर, चारचौघांत, पाइप लावून. आत कुणी बघत नाही, म्हणून आत कुणी हातही घालत नाही.

रविवारी गाडी चिंचेच्या सावलीला लावते. चारी दारं उघडी. मॅटा काढून दगडावर आपटायच्या. मग वरून खाली यायचं, कारण धूळ खालीच येते: आधी छत, मग डॅशबोर्ड, मग सीट, शेवटी पायाशी. एसीच्या जाळीसाठी रंगाऱ्याचा मऊ ब्रश. तेल, डिझेलचा बोळा, चकचकीत पॉलिश यांतलं काही नाही. जीपवाले डॅशबोर्डावर डिझेलचा बोळा फिरवायचे, तासभर चमकायचा, आणि संध्याकाळपर्यंत रस्त्याची सगळी धूळ त्यावर चिकटलेली असायची. ओलसर फडकं, लगेच कोरडं फडकं, बास.

खरं काम ड्रायव्हरच्या सीटखाली. सीट पूर्ण पुढं सरकवली की मागून रूळ दिसतो, पूर्ण मागं नेली की पुढून. त्या खाचेत आमचं सगळं वर्ष सापडतं. कांद्याची गुलाबी पातळ टरफलं, फुंकर मारली की एसीच्या जाळीपर्यंत उडणारी. हुरड्याच्या दिवसांतले ज्वारीचे दाणे. शेंगांची फोलं. दसऱ्याच्या हारातल्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. कान्होराज महाराजांच्या देवळातून आणलेल्या प्रसादाच्या साखरफुटाण्यातला एखादा, मुंग्यांनी अर्धा नेलेला. आणि जी हरवली म्हणून कुणा लेकरानं पुण्यापर्यंत रडून काढलं, ती निळी गोटी.

सगळ्यात अवघड डाग भंडाऱ्याचा. निमगाव-दावडीच्या खंडोबाला गेलं की येताना आख्खी गाडी पिवळी. कपाळ, हात, सदरे, आणि त्यांना टेकलेलं सगळं. बेज सीटवर भंडारा म्हणजे बघायलाच नको. घाईनं साबण लावला की पिवळा डाग डोळ्यांदेखत लालसर होतो आणि लावणारी घाबरते. हळदीतलं कर्क्युमिन क्षाराशी भेटलं की रंग बदलतं, एवढंच ते. शाळेत हळदीचा कागद करून आम्ही मुलांना हाच प्रयोग दाखवतो. म्हणून भंडारा आधी कोरड्या ब्रशनं झटकायचा, चोळायचा नाही. मग किंचित ओल्या फडक्यानं टिपायचा. आणि मग गाडी उन्हाकडं तोंड करून उभी करायची. कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. दिवसागणिक डाग फिका होत जातो. जे ऊन डॅशबोर्ड तडकवतं, तेच भंडारा उतरवतं. नवरा म्हणतो, देवानं लावलं, देवच काढतो.

मध्यंतरी भावानं त्याची स्वतःची गाडी विकायला काढली. पुण्याहून जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे एक गृहस्थ आले. त्यांनी सीटच्या कव्हरकडं पाहिलंही नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेघ आहे का बघितलं. पेडलचं रबर किती झिजलंय ते मीटरच्या आकड्याशी ताडून पाहिलं. दारं-काचा लावून थोडा वेळ आत बसले आणि नाकानं तपासलं. मग मॅटा उचलल्या. खालचा गालिचा दमट निघाला, सीटच्या बोल्टांना गंज. झाकलं होतं, त्याखाली वारा कधी गेलाच नव्हता.

माझीही गाडी त्यांनी सहज बघितली. सीटचं कापड झिजलेलं, एका ठिकाणी भंडाऱ्याची फिकी सावली, पण सगळं कोरडं. “मॅडम, वापरलीय भरपूर, पण राखलीय,” म्हणाले. किंमत मात्र त्यांनी दोन्ही गाड्यांना जवळजवळ सारखीच सांगितली. मॉडेल, साल, किलोमीटर आणि इंजिन. आतल्या बाजूला बाजारात फारसा भाव नाही.

भाव ऐकून भाऊ माझ्याकडं बघून हसला. मलाही हसू आलं, पण त्या आकड्यानं माझ्यापुरता एक हिशेब मिटवला. विकताना चार पैसे जास्त यावेत म्हणून गाडी नवी ठेवायची, हे कारणच पोकळ. आपण आयुष्यभर पुढच्या गिऱ्हाइकासाठी गाडी जपतो, आणि तो येतो तेव्हा बोनेट उघडून बघतो. आतली बाजू असते ती आज बसणाऱ्यांसाठी. झाकलेल्या गाडीत माणूस अंग चोरून बसतो, कारण लागलेला डाग कायमचा असणार अशी त्याला भीती असते. झाडलेल्या गाडीत ती भीती उरत नाही. जे आपण साफ करू शकतो, ते वापरायला द्यायची छाती आपल्याला होते.

म्हणून हल्ली काटणीच्या दिवसांत कुणी माझ्या गाडीच्या दारात पाय झटकत, घुटमळत उभं राहिलं, तर माझं उत्तर ठरलेलं असतं: “बसा हो, टेकून बसा. रविवारी झाडायचीच आहे.”