जुन्या गाडीत फोनमधली गाणी

आमची गाडी २००९ सालची. तिच्या टेपमध्ये सीडी आहे, रेडिओ आहे, ऑक्सची पिन घालायला जागाही आहे. ब्लूटूथ तेवढं नाही. मला तर मुंबईला जाता-येता फोनमधले भीमसेनांचे अभंग ऐकायचे होते, आणि तेही गिअरपाशी वायर लोंबू न देता.

आधी एफएम ट्रान्समीटर आणला. तो लायटरच्या सॉकेटमध्ये बसतो, फोनकडून ब्लूटूथने गाणं घेतो आणि गाडीपुरतं एफएमवर सोडतो. टेपवर तोच आकडा लावायचा. अट एकच, तो आकडा रिकामा हवा. आमच्या भागात १०७.१ रिकामा होता. घाट उतरून पनवेलकडे निघालो, तसा अभंगात निवेदक बोलायला लागला, कारण मुंबईत १०७.१ वर आकाशवाणीचं एफएम रेनबो लागतं. बोगद्यात मात्र गंमत होई. बाहेरची स्टेशनं खरखरत, आमचं चालूच राही. आमचं प्रसारण केंद्रच गाडीत!

मग ऑक्सला लावायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घेतला. मधला एफएमचा टप्पा गेल्यामुळे आवाज स्वच्छ झाला, तानपुराही नीट ऐकू येऊ लागला. पण रिसीव्हर गाडीतच चार्जिंगला लावला की बारीक शिट्टी वाजे आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढे. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "साहेब, अर्थिंगचा घोळ आहे." ऑक्सच्या वायरीत त्याने ग्राउंड लूप आयसोलेटरची डबी जोडली आणि शिट्टी थांबली.

भावाच्या गाडीत निराळंच. ब्लूटूथ आहे, फोन घेता येतो, गाणं मात्र वाजत नाही. बोलण्यासाठी आणि स्टिरिओ गाण्यांसाठी ब्लूटूथमध्ये वेगवेगळी सोय लागते. गाण्यांच्या सोयीला ए२डीपी म्हणतात. त्याच्या टेपमध्ये पहिलीच आहे. जुनी गाडी घेताना नुसतं 'ब्लूटूथ आहे का' विचारून भागत नाही, एक गाणं लावून बघावं.

घाटात नेट जातं, तेव्हा गाणी घरच्या वायफायवर उतरवून ठेवलेली बरी. यादी निघण्यापूर्वीच सुरू करावी आणि गाडी चालवणाऱ्याने फोनला हात लावू नये. टेपला ऑक्स असेल तर सरळ रिसीव्हर घ्या. ट्रान्समीटर ऑक्स नसलेल्यांसाठी.