आमचा भरतीचा धडा

गेली एकोणीस वर्षे आम्ही नववीच्या वर्गास भरती-ओहोटी शिकवीत आहो. फळ्यावर पृथ्वी काढावी, एका अंगास चंद्र काढावा, पाण्यास दोहों बाजूंनी फुगवटा द्यावा आणि कारणे मुलांकडून पाठ करून घ्यावीत, असा आमचा क्रम. या प्रश्नास मुलांस बहुधा पूर्ण गुण मिळतात. परंतु शिकविणाऱ्याने स्वतः समुद्र पाहिलेला नाही, ही गोष्ट आम्ही वर्गात कधी उघड केली नव्हती. आमचे शिक्षण त्या वेळच्या अहमदनगरास झाले, नोकरी धाराशिव जिल्ह्यात लागली, आणि समुद्राकडे जाण्याचे कारण कधी पडले नाही. गेल्या वर्षी मागील बाकावरच्या एका मुलाने सरळच विचारिले, "सर, तुम्ही कुठली भरती पाहिली?" वर्ग हसला. आम्ही त्यास दरडावून खाली बसविले. पण त्याच सायंकाळी सहलीचे ठिकाण बदलावे अशी विनंती घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो.

आजवर आमची सहल नळदुर्गास जात असे. ते स्थळ कमी प्रतीचे आहे असे कोणी समजू नये. बोरी नदीस आडवा बांध घालून त्या बांधाच्याच पोटात दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळी, १६१३ साली, पाणीमहाल बांधिला. नदी भरली की नर आणि मादी हे दोन धबधबे बांधावरून कोसळतात, आणि महालात बसलेला मनुष्य कोरडाच राहतो. परंतु नदी भरली तर! ज्या वर्षी पाऊस नाही त्या वर्षी आम्ही मुलांस भिंत दाखवून, पाणी येथून पडते असे सांगून परत आणिले आहे.

मुलांनी मालवणचे नाव घेतले त्याचे कारण निराळे होते. घरच्या मोबाइलवर त्यांनी लाटांवर फळी टाकून उभे राहण्याचा तो खेळ पाहिला होता, ज्यास सर्फिंग म्हणतात. हे ऐकताच आम्ही कपाळास आठ्या घातल्या. सहल ज्ञानार्जनासाठी असते, पाण्यात लोळण्यासाठी नव्हे, असे एक छोटेसे व्याख्यानही दिले. नंतर त्या खेळाविषयी थोडे वाचले आणि ओशाळलो. हा खेळ मूळचा हवाई बेटांचा. तेथे राजेरजवाड्यांपासून बायकामुलांपर्यंत सारे तो खेळत. १८२० साली अमेरिकन बोर्डाचे मिशनरी तेथे उतरले. हेच ते बोर्ड, ज्याच्या मिशनऱ्यांनी १८१३ साली मुंबईस येऊन मराठी मिशन सुरू केले. म्हणजे शिक्षणाच्या नात्याने ते आमच्याच घराण्यातले. त्यांनी त्या लोकांच्या भाषेस लिपी दिली, शाळा काढिल्या, शास्त्राचे भाषांतर केले. परंतु अपुऱ्या वस्त्रांनिशी दिवसभर लाटांवर राहणे त्यांस रुचले नाही. बाहेरून आलेल्या रोगांनी तेथील माणसेच भराभर मेली, तेव्हा खेळ बुडाल्याचा सारा दोष मिशनऱ्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तथापि त्यांच्या नापसंतीचा वाटा त्यात होता, हे कबूल केले पाहिजे. पुढे त्याच बेटांवरील ड्यूक कहानामोकू याने १९१२ साली स्टॉकहोम येथे पोहण्याचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले आणि आपला हा जुना खेळ देशोदेशी करून दाखविला. २०२१ साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यास प्रथमच स्थान मिळाले. दोनशे वर्षांपूर्वीची ती आठी आमच्या कपाळावर कशी आली, याचा आम्ही बराच वेळ विचार केला आणि व्याख्यान मागे घेतले.

डिसेंबरात एके रात्री एस.टी.ची गाडी निघाली. सोलापूर, कोल्हापूर, मग फोंड्याचा घाट. घाट उतरताना उजाडले आणि मुले खिडक्यांस चिकटली. आमच्या जिल्ह्याच्या सुमारे चौपट पाऊस त्या बाजूस पडतो, हे त्यांस पुस्तकातून ठाऊक होते. पण भिंतीच्या फटीतून झाड उगवते आणि त्यास कोणी पाणी घालीत नाही, याचे त्यांस मोठे नवल वाटले.

प्रथम सिंधुदुर्ग पाहिला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर याचा पाया घातला आणि १६६७ साली काम पुरे झाले. तट, बुरूज, महाराजांच्या हातापायांचे चुन्यातील ठसे, शिवराजेश्वराचे मंदिर, हे सर्व मुलांनी पाहिले आणि वहीत उतरून घेतले. परंतु खरी गर्दी झाली ती तीन विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी त्यांची नावे. चोहोंकडे खारा समुद्र आणि मधल्या खडकात गोडे पाणी! २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातुरास रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आमच्याकडेही टँकरपुढे घागरींच्या रांगा होत्या. त्या रांगेत आईचा पदर धरून उभी राहिलेली एक मुलगी आज नववीत आहे. तिने साखरबावेतले पाणी बाटलीत भरून घेतले. आजीस दाखवायचे म्हणाली. वाटेत ती बाटली तिने कोणास उघडू दिली नाही.

परतताना होडीवाल्या तांडेलाने आमची परीक्षा घेतली. आज भरती किती वाजता, असे त्याने विचारिले. आम्ही चंद्राच्या आकर्षणाविषयी बोलू लागलो. त्याने हाताने थांबविले आणि आज तिथी कोणती ते विचारिले. चतुर्थी होती. तिथीची पाऊणपट करा, म्हणाला. चाराची पाऊणपट तीन, म्हणून ढोबळ मानाने तीन वाजता भरती पुरी. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, तेच हे गणित. आम्ही एकोणीस वर्षे जे चित्र काढून शिकविले, ते या गृहस्थाच्या बोटांवर होते. मुलांनी हे सर्व ऐकले, हे येथे मुद्दाम नमूद करितो.

दुपारी एकच्या सुमारास आम्ही तारकर्लीच्या किनाऱ्यावर आलो. मुले धावली, ओरडली, आणि पाण्याच्या काठाशी येऊन एकदम थबकली. ती बाटलीवाली मुलगी चपला हातात घेऊन उभीच राहिली. आत का जात नाहीस, असे विचारता म्हणाली, "सर, पाण्यात पाय घालायचा?" आमच्याकडे पाणी भांड्यात असते, त्यात पाय घालणाऱ्या मुलास मार बसतो. तिला पुढे हो म्हणावयास आम्हांस थोडा वेळ लागला.

आता जे सांगावयाचे, ते पालकांपासून लपविणे योग्य नव्हे. मुलांच्या रक्षणार्थ आम्ही काठीने वाळूत एक लांब रेघ ओढली आणि हिच्या पलीकडे कोणी जाऊ नये, अशी आज्ञा केली. थोड्या वेळाने रेघ पुसली गेली. आम्ही ती पुन्हा ओढली. ती पुन्हा पुसली गेली. सकाळी तांडेलाने तीन वाजता भरती म्हणून सांगितले असता, एक वाजता काढलेली रेघ दोन वाजता जागेवर राहील असे आम्ही कोणत्या शास्त्राच्या आधारे मानिले, देव जाणे. मुले हसत होती. तिसऱ्या वेळी आम्ही वाकून रेघ ओढीत असता आमची पाठ समुद्राकडे होती. तेथील एक गाबिताचा मुलगा होडीची जुनी फळी पोटाखाली धरून लाटेवरून किनाऱ्यापर्यंत घसरत येत होता. त्याची फळी धरण्यास आमचा एक विद्यार्थी, तोच मागील बाकावरचा, कमरेइतक्या पाण्यात गेला. एका लाटेने त्याचे पाय काढिले आणि परतणाऱ्या पाण्याने त्यास आत नेले. आम्ही मागे वळलो तेव्हा त्याचे फक्त डोके दिसत होते. आम्हांस पोहता येत नाही.

जवळच रापण ओढण्याचे काम चालले होते. त्यातील एक मनुष्य दोर सोडून धावला आणि मुलास केसांस धरून बाहेर घेऊन आला. मुलाने पोटभर खारे पाणी ओकले, आणि मग तो रडला. त्याच्याइतकेच आम्हीही हादरलो होतो. त्या मनुष्याने आम्हांस रागे न भरता समुद्राकडे बोट केले. जेथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत दिसते तेथेच जाऊ नये, कारण किनाऱ्यास आलेले पाणी त्या वाटेने परत जाते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झगडू नये, काठास समांतर जावे, ओढ आपोआप सुटते. तेथून जवळच वायरीच्या किनाऱ्यावर १५ एप्रिल २०१७ रोजी बेळगावहून सहलीस आलेले ८ जण बुडाले. हे आम्ही निघण्यापूर्वी वाचले असते तर काठी घेतली नसती, माणूस घेतला असता.

परत आल्यावर आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. वडील ऊसतोडीहून नुकतेच आले होते. घडले ते सर्व सांगितले, रेघेचेही सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, पोरगं आलंय नव्हं माघारी. पुढच्या साली धाकटीलाबी न्या. पण आधी पवाया शिकवा." आम्ही उठलो तेव्हा मुलाच्या आईने चहास थांबविले. आम्हांस तो चहा घशाखाली उतरेना.

सहलीच्या उपयुक्ततेविषयी शिक्षकांच्या सभेत पुढे पुष्कळ वाद झाला. काहींचे म्हणणे, नळदुर्ग बरा. त्यांचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. भिजण्यास पाणीच नसेल तर बुडण्याचे भय नाही.

यंदा पाऊस चांगला झाला. शाळेपासून अर्ध्या कोसावर एका माजी विद्यार्थ्याची विहीर आहे, पायऱ्यांची, आणि सध्या ती वरच्या चिऱ्यापर्यंत भरली आहे. दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नववी-दहावीची मुले तेथे जातात. मुलींस सोबत म्हणून दोन पालक-माता येतात, आणि गावातील एक म्हातारे पैलवान काठावर दोर घेऊन बसतात. पाठीस वाळके भोपळे बांधून उडी टाकावयाची ही आपली जुनीच रीत. ती मुलगी तिसऱ्या शनिवारी भोपळ्यावाचून पोहू लागली. मागील बाकावरचा मुलगा अजून पायरी सोडीत नाही. त्यास कोणी घाई करीत नाही. आमच्या पाठीस दोन भोपळे लागतात, आणि आम्ही पाण्यात उतरलो की काठावरून कोणीतरी हमखास ओरडते, "सर, रेघेच्या पलीकडं जाऊ नका!"