स्वस्ताई कोणाची?

पोटासाठी मुलूख सोडणे आमच्या खकनार भागास नवे नाही. दिवाळी सरते न सरते तोच सातपुड्याच्या पायथ्याची कित्येक कुटुंबे भांडीकुंडी गोणीत बांधून महाराष्ट्राची वाट धरतात. त्याचे कारण आकड्यांतच दिसते. रोजगार हमी योजनेत २०२५-२६ या वर्षी दिवसाचा दर मध्य प्रदेशात २६१ रुपये, महाराष्ट्रात ३१२ रुपये आणि गोव्यात ३७८ रुपये होता. मळ्यावरची मजुरी निराळी ठरते, परंतु तिचाही कल असाच. कुदळ तीच, घामही तोच. राज्याची शीव ओलांडली की मोल मात्र बदलते.

२०२० सालच्या टाळेबंदीपासून एक उलटी वाट पडली आहे. संगणकावर काम करणारी आमची मुले पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांतून लॅपटॉप घेऊन घरी परतली. पुढे टाळेबंदी उठली, तरी काही जणांचे काम घरूनच राहिले. अशा मनुष्यास कचेरीजवळ राहण्याची गरज उरत नाही. तेव्हा पगार मोठ्या शहराचा आणि खर्च लहान गावाचा, असा हिशेब तो मांडू लागतो. मजूर जास्त मोलाच्या शोधात निघतो. हा कमी खर्चाच्या शोधात निघतो.

परदेशांनीही ही संधी ओळखली आहे. एस्टोनियाने २०२० साली अशा लोकांसाठी निराळा व्हिसा काढला, थायलंडने २०२४ साली. पोर्तुगालने २०२२ च्या ऑक्टोबरात दार उघडले, तेव्हा अट घातली की येणाऱ्याची मिळकत त्या देशातील किमान वेतनाच्या चौपट असावी. २०२५ साली तेथील किमान वेतन महिना ८७० युरो होते. म्हणजे पाहुण्याजवळ ३,४८० युरो हवे होते. आम्हांस ही अट फार बोलकी वाटते. लिस्बनमध्ये झाडलोट करणारा व तेथे पाहुणा म्हणून राहणारा, या दोघांमधील अंतर सरकारने स्वतःच लिहून ठेवले आहे!

त्याचा परिणाम भाड्यावर होणारच. लिस्बनच्या घरभाडेवाढीस दुसरीही कारणे आहेत, पर्यटन हे त्यांतले मोठे. तथापि १ एप्रिल २०२३ रोजी तेथील हजारो लोक राहण्याजोगे घर मागण्यासाठी रस्त्यावर उतरले, ही गोष्ट विसरता येत नाही. आपल्या गोव्यातही टाळेबंदीनंतर दिल्ली-मुंबई-बंगळूरकडील मंडळी किनाऱ्याच्या गावी येऊन राहिली. घरमालकांचे बरे झाले. परंतु त्याच गावात शिकवणाऱ्या मास्तरणीला किंवा दवाखान्यातील परिचारिकेला जुन्या भाड्यात खोली कोण देणार?

आमच्या ओळखीच्या एका तरुणाने असाच तक्ता वहीत आखला होता. वरती पुणे, पणजी, बँकॉक, लिस्बन, खकनार अशी गावे. डावीकडे भाडे, जेवण, वीज, इंटरनेट, प्रवास. कोठे राहावे, हे त्याने आम्हांस विचारले. खकनारच्या रकान्यात भाड्यापुढे शून्य होते, कारण घर वडिलांचे. जेवणापुढे अगदी किरकोळ आकडा होता. त्याची आई जवळच तांदूळ निवडीत बसली होती. ती हसून म्हणाली, "फादर, माझी मजुरी यात धरली नाही वाटते!" मुलगा ओशाळला.

तिचे म्हणणे विनोदाचे असले, तरी हिशेब पक्का होता. पहाटे उठून भाकरी थापणे, दळण आणणे, भर दुपारी त्याची बैठक चालली असताना घरात कोणास मोठ्याने बोलू न देणे, हे सारे खकनारच्या स्वस्ताईत जमा आहे. केळी येथे स्वस्त, ती तोडणाऱ्याची मजुरी थोडी म्हणूनही. २०२२ साली बऱ्हाणपूर जिल्ह्यास 'हर घर जल'चे देशातील पहिले प्रमाणपत्र मिळाले, हे चांगलेच झाले. पण मोठ्या दुखण्यासाठी बऱ्हाणपूर गाठावे लागते, तो खर्चही कोणी मांडीत नाही. पावसाळ्यात वीज गेली की इंटरनेट जाते आणि मुलाचा जीव टांगणीला लागतो.

शिवाय पगार कायम शहराचाच राहील, याचा भरवसा काय? गूगलसारख्या धनाढ्य कंपनीनेदेखील २०२१ साली आपल्या नोकरांस कळविले होते की, कायमचे घरून काम करून स्वस्त ठिकाणी राहणाऱ्याचा पगार कमी होऊ शकतो. म्हणजे मजुराला लागलेला नियम हळूहळू यांनाही लागणार, असे दिसते.

म्हणून आम्ही त्या तरुणास गाव सुचविले नाही. तक्त्यात दोन ओळी वाढव, एवढेच सांगितले: एक आईच्या श्रमाची, एक आईवडिलांच्या औषधपाण्याची. आणि गोव्यास जाशीलच, तर ज्या खोलीत राहशील तिचे भाडे तू येण्यापूर्वी किती होते, हे शेजाऱ्यांना विचार. गेल्या आठवड्यात त्याने वही पुन्हा दाखविली. खकनारची बेरीज बरीच चढली आहे, तरी सर्वांत लहान तीच. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तो आता आईच्या हाती रक्कम ठेवतो, ती म्हणते, "इतके कशाला?" आणि डब्यात ठेवून देते. लिस्बनवर काट मारलेली आहे. पणजीपुढील प्रश्नचिन्ह अद्याप तसेच आहे.